भारताचे फुटबॉल कोच खालिद जमीलना नारळ द्यायचा का?

कूपरेजचा_कट्टा | १५ ऑक्टोबर २०२५, दुपारी २.१०

मांडवीत बसून लिहितोय, नुकतीच रत्नागिरी गेली. रेंज येते-जाते, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

काल फातोर्ड्याला होतो. मी आणि मेहुणा. मुंबईहून फक्त भारत-सिंगापूर मॅचसाठी गोव्यात आलो होतो. चौदाव्या मिनिटाला छांगतेने लांबून जो मारला, तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांनी मला मिठी मारली. हाफटाइमच्या तोंडावर साँग उई-याँगने बरोबरी केली, ५८व्या मिनिटाला त्यानेच दुसरा घातला आणि संपलं. सिंगापूर २, भारत १. चार सामने, दोन गुण, एशियन कपमधून बाहेर. स्पर्धा चोवीस संघांची आहे हो! तरी आपण नाही. २०१५ नंतर पहिल्यांदाच हे झालं.

दुसऱ्या गोलनंतर अर्धा तास हातात होता. मला जे दिसलं ते असं: बॉल उचलायचा, पुढे भिरकवायचा, मग बघू. बेंचवरून काही वेगळं सुचलंय असं एकदाही वाटलं नाही.

मी खालिद जमीलना मुंबई एफसीच्या दिवसांपासून बघतोय. कूपरेजला टचलाइनवर गप्प उभा राहणारा माणूस. १ ऑगस्टला नेमणूक जाहीर झाली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. म्हणून हे लिहिताना जीभ जड होतेय, पण लिहितोच: झेपत नसेल तर आत्ताच बदला. पुढची पात्रता फेरी येईपर्यंत नव्या माणसाला वेळ तरी मिळेल.

तुम्हाला काय वाटतं? (क्रिकेटशी तुलना नको, हात जोडतो.)

---

ओल्डट्रॅफर्ड_ठाणे | १५ ऑक्टोबर, दुपारी २.३१

काढा. गटात सर्वांत वरच्या मानांकनाचा संघ आपला होता. बांगलादेशशी शिलाँगला ०-०, हाँगकाँगला ०-१, सिंगापूरला जाऊन १-१ आणि काल हे. कोणत्याही धंद्यात एवढ्यावर माणूस जातो.

---

मडगांवकार | १५ ऑक्टोबर, दुपारी ३.०५

ओल्डट्रॅफर्ड, त्यातले पहिले दोन सामने खालिदचे नव्हेतच. ते आधीच्या कोचचे, मानोलो मार्केझचे. खालिदच्या खात्यात सिंगापूरचे दोनच.

मीही काल तिथेच होतो, पूर्वेच्या स्टँडात. (शेजाऱ्याला मिठी मारणारे काका मी नव्हे.) मॅच संपल्यावर बाहेर पडताना लोक काय बोलत होते सांगू? 'मानोलोला परत बोलवा!' तो इथेच तर आहे, एफसी गोवाकडे. याच लोकांनी जूनमध्ये 'मानोलोला घालवा' म्हटलं होतं. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. चार बरोबऱ्या, तीन पराभव. जुलैच्या सुरुवातीला तो गेला.

आता गंमत बघा. यंदाच्या ३ मे रोजी भुवनेश्वरला सुपर कपची फायनल झाली. एफसी गोवा ३, जमशेदपूर ०. गोव्याचा कोच मानोलो, जमशेदपूरचा खालिद. म्हणजे देशातल्या एका मोठ्या फायनलचे दोन्ही कोच तीन महिन्यांच्या आत भारताच्या बेंचवर एकामागून एक बसले, आणि दोघांच्याही हाती भोपळा. क्लबात ज्यांचं डोकं चालतं त्यांचं निळ्या जर्सीसमोर चालेनासं होतं? दोघांचंही? मला नाही पटत.

---

मृण्मयी_सांख्यिकी | १५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४८

या विषयावर अभ्यास झालेले आहेत. नेदरलंडच्या बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगमधले मधल्या हंगामात झालेले कोचबदल तपासले. कोच काढल्यावर बहुतेक संघांची कामगिरी सुधारते, हे खरंच निघालं. पण त्याने पुढे एक शहाणपणा केला. तितकीच वाईट घसरण झालेले, पण कोच न काढलेले संघ शोधून बाजूला ठेवले. तेही तसेच सुधारले होते.

ताप दोन-तीन दिवसांत बहुतेकदा उतरतोच. तिसऱ्या दिवशी आपण डॉक्टर बदलतो आणि पुढे जन्मभर सांगत फिरतो, 'ह्यांच्या हाताला गुण आहे.' कोच नेहमी संघ तळाशी असतानाच काढला जातो, आणि तळापासून रस्ता बहुधा वरच जातो.

एक अडचण मीच सांगते. हे क्लबांबद्दल आहे, जिथे दर आठवड्याला सामना असतो. राष्ट्रीय संघ वर्षाला दहा-बारा खेळणार. तेवढ्यात ताप उतरला की नाही हेच कळत नाही. जमील यांचे आतापर्यंत सहा सामने झाले: ताजिकिस्तानवर २-१ विजय, इराणकडून ०-३, अफगाणिस्तानशी ०-०, ओमानला १-१ नंतर पेनल्टींवर हरवलं, आणि सिंगापूरचे दोन. सहा आकड्यांवर मी वर्गात विद्यार्थ्यांना निष्कर्ष काढू देत नाही.

---

पाटाकडचा_पांडबा | १५ ऑक्टोबर, रात्री ९.१५

आमच्या कोल्हापुरात ह्या सगळ्याला अभ्यास लागत न्हाई. शाहू स्टेडियमवर गोलपोस्टामागं बसणारं पब्लिक हाफटायमालाच कोच बदलतंय. पाटाकडील हरली की पेठेत त्या रात्री कुणी जेवत न्हाई, आणि दिलबहारकडनं हरली तर दुसऱ्या दिवशीबी न्हाई. सकाळी तालमीच्या कट्ट्यावर कोच उभाच करायचा. पण भावांनो, चार दिसांनी तोच माणूस परत शिट्टी घिऊन मैदानात असतोय, कारण दुसरा कुणी पहाटे साडेपाचला यायला तयार नसतोय.

भारताचं काय. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार? पोहरा बदलत बसलेत.

---

कूपरेजचा_कट्टा | १५ ऑक्टोबर, रात्री ११.०२

पोचलो घरी. दादर ते परळ टॅक्सी मिळेना, तो वेगळा धागा.

पांडबा, म्हण बरोबर आहे, पण दुसरीही एक म्हण आहे: नाचता येईना अंगण वाकडं. सिंगापूरच्या आडात किती पाणी आहे? पूर्ण देश आपल्या मुंबईपेक्षा लहान लोकसंख्येचा. त्यांचा जपानी कोच ओगुरा या वर्षी मध्येच गेला. हंगामी म्हणून पस्तिशीतला स्थानिक पोरगा गॅव्हिन ली बसवला. त्याने काल आपल्याला आपल्या घरी हरवलं. म्हणजे मधेच कोच बदलूनही जमतं की! मृण्मयीताई, हा तुमच्या कुठल्या खान्यात?

---

मृण्मयी_सांख्यिकी | १६ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

'एक उदाहरण' या खान्यात.

आणि ओगुराला काढलं नव्हतं, तो स्वतः गेला. कारण वेगळं असलं की गणित वेगळं.

---

ओल्डट्रॅफर्ड_ठाणे | १६ ऑक्टोबर, सकाळी ९.४४

मग टुशेल? जानेवारी २०२१मध्ये चेल्सीने लॅम्पार्डला काढून त्याला आणलं, मे महिन्यात पोर्तोला चॅम्पियन्स लीग उचलली. लॅम्पार्ड क्लबचा देव होता. तरी काढला. भावना बाजूला ठेवणारेच जिंकतात.

---

मडगांवकार | १६ ऑक्टोबर, सकाळी १०.१०

आणि २०१३ला फर्ग्युसन गेल्यापासून तुमच्या मँचेस्टरने मॉईस, व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग अशी पाच डोकी उडवली, सहाव्याची मान सुरीखाली आहे. टेन हागशी तर जुलैमध्ये करार वाढवला आणि ऑक्टोबरात हाकललं. चेल्सीचं उदाहरण देताना स्वतःच्या घरचं विसरू नये, पात्रांव.

---

ओल्डट्रॅफर्ड_ठाणे | १६ ऑक्टोबर, सकाळी १०.१३

हे कमरेखाली होतं.

---

आजोबा_शिवाजीपार्क | १६ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण इथे कुणी रहीमसाहेबांचं नाव काढलं नाही याचं नवल वाटलं, म्हणून नातवाकडून टंकून घेतोय.

सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शाळामास्तर. १९५१ला दिल्लीच्या एशियाडमध्ये इराणला १-० हरवून सोनं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिक. युगोस्लाव्हियाने आपल्याला किती गोल घातले ठाऊक आहे? दहा. १०-१. आपली बरीच पोरं अनवाणी खेळत होती. आज असं झालं असतं तर विमान उतरायच्या आत कोच गेला असता आणि या धाग्याला हजार प्रतिसाद आले असते.

रहीमसाहेब राहिले. चार वर्षांनी मेलबर्नला भारत चौथा आला. तिथे यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं आणि आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिकात हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मडगांवकार, तो मूळ तुमच्याकडचा, म्हणून तुम्हीही कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आणि १९६२, जकार्ता. पहिल्याच सामन्यात कोरियाकडून ०-२. जर्नेल सिंग बचावपटू, त्याच्या डोक्याला जखम झालेली. रहीमसाहेबांनी उपांत्य सामन्यात त्याला चक्क सेंटर फॉरवर्ड उभा केला. त्याने गोल केला. अंतिम सामन्यात त्याच कोरियाविरुद्ध पुन्हा केला. २-१, सुवर्णपदक. ते त्यांचं शेवटचं. कर्करोग होता, १९६३च्या जूनमध्ये गेले. आमचे वडील रेडिओ लावून बसले होते ते मला अंधुक आठवतं, की नंतर ऐकलेलं आठवण म्हणून बसलंय, देव जाणे.

दहा गोल खाल्लेल्या माणसाला दहा वर्षं दिली. तेव्हा सोनं आलं.

---

कूपरेजचा_कट्टा | १६ ऑक्टोबर, दुपारी १.१५

आजोबा, नमस्कार. पण त्या काळी आशियात सौदी, कतार, उझबेकिस्तान नव्हते. जपान-कोरिया आजचे नव्हते. आणि रहीमसाहेब दहा गोल खाल्ले म्हणून राहिले नाहीत, त्याआधी सोनं आणलं होतं म्हणून राहिले. जमील यांनी काय आणलंय? काफा कपचं, म्हणजे मध्य आशियाई स्पर्धेचं, तिसरं स्थान.

---

डावा_बॅक | १६ ऑक्टोबर, रात्री १०.४०

मी शाळेत पीटी शिकवतो आणि फुटबॉल संघ घेतो. बावीस वर्षं झाली. राष्ट्रीय संघाचा मी काय सांगणार, पण 'कोच काय करू शकतो' यावर थोडं बोलू द्या, कारण इथे कोच म्हणजे जादूगार किंवा गुन्हेगार एवढे दोनच प्रकार दिसतायत.

आधी स्वतःचा किस्सा. पूर्वी एका शाळेत होतो, नाव जाऊ दे. सुब्रतो कपच्या जिल्हा फेरीत पहिल्याच दिवशी हरलो. माझी सगळी पोरं वयोगटाच्या मानाने एक वर्षाने लहान होती. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने बोलावून सांगितलं, 'सर, नवीन रक्ताला संधी देऊ या.' पुढच्या वर्षी तीच पोरं, एक वर्षाने मोठी, चार इंच उंच, जिल्हा जिंकली. नव्या सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यांनाही नारळ मिळाला, मलाही. फक्त त्यांच्या नारळासोबत शाल होती.

मृण्मयी मॅडम जे म्हणतायत ते हेच असावं. मला त्याचं डच नाव ठाऊक नव्हतं.

आता मुद्दा. क्लबच्या कोचकडे खेळाडू रोज असतो. सकाळी त्याला चुकीच्या जागी पळताना पकडलं तर संध्याकाळी पुन्हा पळवता येतं. राष्ट्रीय कोचला मिळतात फिफाच्या खिडकीतले (क्लबांना खेळाडू सोडावेच लागतात त्या काळातले) आठ-दहा दिवस, त्यातले दोन प्रवासात, दोन विश्रांतीत. त्यामुळे राष्ट्रीय कोच शिकवत नाही, निवडतो आणि जुळवतो. क्लबांनी शिजवलेलं ताटात वाढतो.

आणि या वर्षी स्वयंपाकघरच बंद आहे! आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, ११ जुलैला स्थगित झाली. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांचा २०१०चा पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपतोय, नवा झालेला नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात. लीग कधी सुरू होणार कुणालाच माहीत नाही. काही क्लबांनी सरावच थांबवला होता, काहींनी पगार. ऑगस्टच्या शिबिराला मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, कारण ती फिफाची खिडकी नव्हती आणि दुखापत झाली तर निस्तरायचं कुणी? क्लबच्या बाजूने तेही चूक नाही.

कट्टा, तुम्ही म्हणालात दुसऱ्या गोलनंतर अर्धा तास नुसते लांब बॉल. सामन्यांचा सराव नसलेला खेळाडू साठाव्या मिनिटानंतर काय करतो? त्याचे पाय जड होतात, तो जागा घेत नाही, पास मागत नाही. ज्याच्या पायात बॉल आहे त्याला समोर कुणी मोकळा दिसत नाही. मग तो उचलून मारतो. ही योजना नसते, थकवा असतो. मला टीव्हीवर तरी तसंच दिसलं. तुम्ही मैदानात होतात, पुन्हा आठवून सांगा: लोक धावून जागा करत होते आणि तरीही लांब मारत होते, की उभे होते?

---

कूपरेजचा_कट्टा | १७ ऑक्टोबर, सकाळी ७.५५

रात्रभर विचार केला. मेहुण्यालाही विचारलं. उभे होते.

पण सर, थकलेल्यांना वेळेवर बाहेर काढणं कोचचंच काम ना?

---

डावा_बॅक | १७ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

हो. तिथे तुमचा मुद्दा मान्य. बदल उशिरा झाले असं मलाही वाटलं.

---

ओल्डट्रॅफर्ड_ठाणे | १७ ऑक्टोबर, सायंकाळी ७.२२

कुणी पैशांबद्दल बोलत नाही म्हणून मी बोलतो, आणि हे माझ्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाणार आहे. मानोलोच्या आधीचा कोच स्टिमाच, त्याला जून २०२४मध्ये काढलं, तेव्हा त्याचा करार जून २०२६पर्यंत होता. महासंघानेच काही महिन्यांपूर्वी वाढवलेला. शेवटी चार लाख डॉलरवर तडजोड झाली. तेव्हाच्या भावाने तीन कोटींच्या वर. एवढ्यात वयोगटांच्या किती लीग झाल्या असत्या?

तरी माझं मत: काढलं ते बरोबरच होतं. पाच वर्षं मिळाली होती. २०२४च्या एशियन कपात तीन सामने, शून्य गोल. मग गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून हार. दोह्यात कतारच्या त्या बाहेर गेलेल्या बॉलवरच्या गोलने आपण बुडालो, हे खरंय, अन्यायच होता. पण त्या सामन्यावर अवलंबून राहायची वेळ का आली?

---

मडगांवकार | १७ ऑक्टोबर, रात्री ८.४७

काढलं ते बरोबर असेल. पण त्याच्या जागी काय आणलं? एक अर्धवेळ कोच, जो त्याच वेळी एफसी गोवा सांभाळत होता. त्यानंतर जाहिरात, १७० अर्ज. त्यात बार्सिलोनाचा माजी कोच झावी याच्या नावाने आलेला ईमेल! महासंघात तो आधी खराच धरला गेला, पेपरांनी छापला, मग कळलं बनावट आहे. ग्वार्दिओलाच्या नावानेही आला होता म्हणे. माझ्या दहावीतल्या पोराने विचारलं, 'बाबा, मी करू अर्ज?'

---

पाटाकडचा_पांडबा | १७ ऑक्टोबर, रात्री ९.०१

करू द्या की. दहावीचं मार्क बघून घेत असतील तर आमचं काय खरं न्हाई.

---

कूपरेजचा_कट्टा | १९ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

रविवार आहे, जरा निवांत लिहितो. दोन दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय. ती माझ्याच विरुद्ध जाते, पण लपवली तर कूपरेजला तोंड दाखवता येणार नाही.

२००९ ते २०१६ अशी सात वर्षं खालिद जमील मुंबई एफसीचे कोच होते. आम्ही दरवर्षी त्यांना शिव्या घातल्या. नऊ जण मागे, एक पुढे, आणि देवाची प्रार्थना. तिकिटाचे पैसे परत मागावेत असा खेळ. पण क्लबचं बजेट चण्याफुटाण्याचं, आणि त्या माणसाने एकाही वर्षी संघ खाली जाऊ दिला नाही. २०१६ला ते गेले. आम्हाला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आता आक्रमक फुटबॉल! पुढच्याच मोसमात संतोष कश्यप आले, मधेच गेले, ऑस्कर ब्रुझोन आला. मुंबई एफसी तळाला, आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर. आणि मग क्लबच बंद. मी ज्या क्लबासाठी घसा फोडायचो तो आता अस्तित्वातच नाही.

त्याच मोसमात खालिद जमील कुठे होते? ऐझॉलला. ऐझॉल आदल्या वर्षी खाली गेलेला संघ. गोव्याचे क्लब आय-लीग सोडून गेले म्हणून त्यांना परत जागा मिळाली. (मडगांवकार, तुमच्या साळगावकर-स्पोर्टिंगची कृपा.) ३० एप्रिल २०१७ला शिलाँगला लाजाँगशी १-१ आणि ऐझॉल विजेता! मोहन बागान एका गुणाने मागे. मिझोरमचा क्लब देशाचा चॅम्पियन. त्या रात्री मी एकटाच टीव्हीसमोर बसून, कसं सांगू, आनंदाने आणि लाजेने.

म्हणजे 'काढा' हे मी एकदा आधीही म्हटलंय. त्याच माणसाबद्दल.

---

मडगांवकार | १९ ऑक्टोबर, दुपारी १२.०४

हे तू पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतंस रे.

साळगावकर-स्पोर्टिंगबद्दल बोलू नकोस. धेंपोसुद्धा त्याच वर्षी बाहेर पडला. पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. ते दुखणं वेगळं आहे, आणि खरं तर ते तेच दुखणं आहे. क्लब जगवायचे की फक्त वरची एक झगमगती लीग, हा प्रश्न तेव्हाही होता. आज ती झगमगती लीगसुद्धा राहिली नाही.

---

मृण्मयी_सांख्यिकी | १९ ऑक्टोबर, दुपारी ३.३३

कट्टा, छान लिहिलंत. पण ऐझॉलनंतर ते ईस्ट बंगालला गेले आणि तिथे एका मोसमात चौथ्या स्थानावर आटोपलं, हेही नोंदवायला हवं. नाहीतर आपण आता उलट्या बाजूने देव करू.

---

मडगांवकार | २३ ऑक्टोबर, सकाळी ९.१८

धागा वर काढतो. काल फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळायला सौदीचा अल नस्र, रोनाल्डोचा क्लब, आला होता. रोनाल्डो आला नाही, अर्ध्या गोव्याची तिकिटं फुकट गेली असं लोक म्हणतायत. पण मॅच! एफसी गोवा १-२. ब्रायसन फर्नांडिसने गोल केला, आणि समोर जुआंव फेलिश वगैरे मंडळी. लीग बंद असताना, याच देशातल्या पोरांना घेऊन मानोलोने हे केलं. तोच मानोलो, ज्याचा निळ्या जर्सीत एकच विजय.

आठवड्यापूर्वीच्या त्याच गवतावर. मला उत्तर माहीत नाही. पण रोजचा सराव आणि आठ दिवसांचा सराव यात काय फरक, ते डावा_बॅक सर सांगत होते ते डोळ्यांनी बघितलं.

---

डावा_बॅक | ८ नोव्हेंबर, रात्री ९.५०

लीगच्या व्यावसायिक हक्कांसाठी निविदा मागवल्या होत्या, काल मुदत संपली. एकही बोली आली नाही. एकही.

आता सांगा, नवा कोच कुठून खेळाडू बघणार? युट्यूबवर?

---

ओल्डट्रॅफर्ड_ठाणे | १८ नोव्हेंबर, रात्री १०.४५

ढाका. बांगलादेश १, भारत ०. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मोरसालिनचा सुरुवातीचा गोल आणि नंतर आपण ऐंशी मिनिटं भिंतीवर डोकं आपटलं. बांगलादेशाकडे हमझा चौधरी, इंग्लंडमध्ये मुरलेला. आपला रायन विल्यम्स, ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडून आलेला, आई मुंबईची, तो कागदपत्रांसाठी खोळंबून.

कट्टा, आता? अजून ऐझॉल?

---

कूपरेजचा_कट्टा | १८ नोव्हेंबर, रात्री ११.२०

आज काही विचारू नका.

---

पाटाकडचा_पांडबा | १९ नोव्हेंबर, सकाळी ६.१२

झोप न्हाई लागली राव. हरायचं तर इराणकडनं हरा. पण हे?

मी आजवर बोललो न्हाई, आता बोलतो. काढा त्यास्नी. आड-पोहरा सगळं खरं हाय, पर हरल्यावर कुणीतरी मान खाली घालून उभं ऱ्हायला पायजे. पेठेत असं चालत न्हाई.

---

आजोबा_शिवाजीपार्क | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

मान खाली घालून उभं राहायला हवंच. पण ओळीत पहिला उभा राहणारा माणूस नेहमी तोच का, ज्याची नेमणूक सगळ्यात शेवटी झाली?

---

कूपरेजचा_कट्टा | २२ नोव्हेंबर, सकाळी १०.०५

चार दिवसांनी लिहितोय. नवं मानांकन आलं, १४२. २०२३च्या जुलैत आपण ९९ होतो. त्या मधल्या काळात तीन कोच झाले. तिघांचे स्वभाव वेगळे, पगार वेगळे, एक क्रोएशियाचा, एक स्पेनचा, एक आमच्या कूपरेजचा. आकडा मात्र एकाच दिशेने चालला.

धाग्याच्या नावात मी जे विचारलं त्याचं माझ्यापुरतं उत्तर: नाही, आत्ता नाही. त्यांनी चुका केल्या नाहीत म्हणून नव्हे. बदल उशिरा केले, काही निवडी अजून कळत नाहीत, ढाक्यात पुन्हा तेच लांब बॉल. लीग सुरू होऊन एक मोसम गेल्यावरही हेच दिसलं तर मी स्वतः हा धागा वर काढीन आणि पांडबाच्या बाजूने बसेन. पण आज काढलं तर महासंघाला 'आम्ही कारवाई केली' म्हणायला मिळेल, पेपरांना आठवडाभर नावं चघळायला मिळतील, कदाचित पुन्हा झावीचा ईमेल येईल. आणि तेवढा आठवडा कुणी विचारणार नाही की लीग कुठे आहे. मला तो आठवडा त्यांना द्यायचा नाहीये.

---

ओल्डट्रॅफर्ड_ठाणे | २२ नोव्हेंबर, सकाळी १०.३१

असहमत. दोन्ही एकदम विचारता येतं. कोचही काढा आणि लीग कुठे तेही विचारा.

---

मृण्मयी_सांख्यिकी | २२ नोव्हेंबर, सकाळी ११.००

येतं. पण आजवर विचारलंय का आपण? या धाग्यात 'काढा' हा शब्द पहिल्या पानावरच आला. लीगचा विषय डावा_बॅक सरांनी काढला, तोवर अकरा प्रतिसाद झाले होते. मी मोजले.

---

पाटाकडचा_पांडबा | २२ नोव्हेंबर, दुपारी १.४५

ताईंनी तेबी मोजलं!

बरं, ज्यास्नी फुटबॉल बघायचाय त्यांनी आमची लीग सुरू झाली की शाहू स्टेडियमला या. इथं बोली लावणारा कुणी लागत न्हाई. मिसळ माझ्याकडनं. कोचवर बोलायचं न्हाई एवढीच अट, ते काम आमचं आमी करतो.

---

कूपरेजचा_कट्टा | २२ नोव्हेंबर, दुपारी २.२०

येतो. मेहुण्यालाही आणतो. तो फातोर्ड्याहून आल्यापासून म्हणतोय आता परत भारताची मॅच बघणार नाही. आणि आज सकाळी त्यानेच विचारलं, ३१ मार्चला हाँगकाँगशी घरची मॅच आहे ना, कुठे आहे, आणि तिकिटं कधी निघतात.